थोरली दुकाने आणि धाकटे दुकानदार



सहकारी चळवळीत आपले आयुष्य वेचलेल्या एका कार्यकर्त्याच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. स्मृतिव्याख्यानात दिवंगताचे गुणगान करून वक्त्याने मोकळे व्हावे, असा एक सोपा प्रघात पडला आहे; परंतु ज्यांनी हयातभर संस्थांच्या हिशेबाच्या वह्या तपासल्या, त्यांचे स्मरण हिशेबाच्याच एखाद्या प्रश्नाचा विचार करून करणे अधिक उचित होईल, असे मला वाटते. व्यापारासारखा रुक्ष विषय सार्वजनिक व्याख्यानास शोभेल काय, अशी शंका कोणाच्या मनात आलीच, तर न्यायमूर्ती रानड्यांनी दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात व्यापार याच विषयावर व्याख्याने दिली होती, एवढे उत्तर पुरेसे आहे.

मोठ्या भांडवलाची साखळी-दुकाने आधी महानगरांत, मग जिल्ह्याच्या ठिकाणी आणि आता तालुक्याच्या गावीही येऊ लागली. त्यामुळे पेठेतल्या किराणा दुकानदाराचे, भुसाऱ्याचे, कापडवाल्याचे आणि भांडीवाल्याचे काय होते, आणि जे होते त्यावर उपाय कोणता, हा आजचा विषय. यासंबंधी बोलणाऱ्यांचे आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक पक्ष लहान दुकानदाराच्या नावाने सभेत अश्रू ढाळतो आणि महिन्याचे वाणसामान मात्र शनिवारी गाडी काढून मोठ्या दुकानातून आणतो. दुसरा पक्ष, जो टिकेल तो टिकेल, एवढे सूत्र उच्चारून विचाराच्या कष्टांतून स्वतःची सुटका करून घेतो. पहिल्याची करुणा आणि दुसऱ्याची निष्ठुरता या दोहोंच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: थोरले दुकान स्वस्त आणि धाकटे महाग, हा भेद गल्ल्यावर उत्पन्न होतो, हा तो गैरसमज. वस्तुतः हा भेद गिऱ्हाईक दुकानात पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी, माल खरेदी होतो त्या क्षणी, ठरून गेलेला असतो. आणि म्हणून लहान दुकानदाराला तारायचे असेल, तर त्याची विक्री राखून भागणार नाही, त्याची खरेदी सुधारावी लागेल. मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच. पुढचा सारा विस्तार या एका विधानाच्या समर्थनासाठी आहे.

बाजार वसवावा लागतो

बाजार आपल्या गतीने चालतो, सरकारने त्यात हात घालू नये, असे म्हणणाऱ्यांनी एकवार आपल्याच पेठांचा इतिहास पाहावा. पेशवाईत पुण्यात नवी पेठ वसवावयाची, म्हणजे सरकारातून कौल द्यावा लागे. परगावच्या उदमी लोकांनी येऊन दुकाने घालावीत म्हणून त्यांना काही वर्षे जकात आणि मोहतर्फा या करांची माफी मिळे. आणि शेटे व महाजन हे पेठेचे वतनदार, वसाहत वाढविण्यापासून वजनमापांच्या आणि तंट्याबखेड्यांच्या बंदोबस्तापर्यंतची कामे पाहत. नाना फडणिसांच्या काळी वसलेली हनुमान पेठ, जी पुढे नाना पेठ म्हणून ओळखली जाऊ लागली, ती अशाच राजाश्रयाने उभी राहिली. कोणाला जागा द्यावी, कोणाला माफी असावी आणि तराजूवर देखरेख कोणाची, हे तेव्हा राजसत्तेने ठरविले. आज चटईक्षेत्र, रस्त्याची रुंदी, वाहनतळ, दुकान उघडे ठेवण्याच्या वेळा आणि कराचे दर ठरविणारेही शासनच आहे. तेव्हा हस्तक्षेप असावा की नसावा, हा वाद निरर्थक होय. हस्तक्षेप असतोच, तो कोणाच्या पथ्यावर पडतो, एवढेच काय ते विचारावयाचे.

थोरल्या दुकानाची वंशावळ

थोरले दुकान ही कालपरवाची उत्पत्ती नव्हे. पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको याने १८५२ मध्ये 'बाँ मार्शे' या दुकानात भागीदारी घेतली आणि मालावर ठरीव दर लावण्याची, काही न घेताही आत हिंडू देण्याची आणि नापसंत माल परत घेण्याची पद्धत रूढ केली. घासाघिशीला त्या दुकानात थारा उरला नाही. या नव्या व्यवस्थेच्या छायेत जुन्या कापडदुकानांचा कसा ऱ्हास झाला, हे एमिल झोला याने १८८३ साली एका संपूर्ण कादंबरीचा विषय केले. म्हणजे आपण ज्या प्रश्नावर आज बोलत आहोत, तो युरोपच्या वाङ्मयात शिरून शंभर-सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली आहेत.

पुढे १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस शहरी क्लॅरेन्स सॉन्डर्स याने 'पिगली विगली' या नावाचे दुकान काढले आणि गिऱ्हाइकाने आपला माल आपणच फळीवरून उचलून आणावा, ही प्रथा पाडली. यादी वाचणे, माल काढणे, पुड्या बांधणे ही जी कामे दुकानातील नोकर करी, ती त्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या अंगावर बिनबोभाट जाऊन पडली, आणि या श्रमाचा मोबदला त्याला दरातील किंचित सवलतीच्या रूपाने मिळू लागला. १८५९ साली चहाच्या व्यापारातून जन्मलेल्या 'ए अँड पी' या साखळीची दुकाने १९३० च्या सुमारास पंधरा हजारांच्या वर गेली होती. आणि तिचा दबदबा इतका वाढला, की १९३६ मध्ये रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला तेव्हा लोक त्याला त्या एका कंपनीविरुद्धचाच कायदा समजत.

परंतु या वंशातील सर्वांत पराक्रमी पुरुष सॅम वॉल्टन हा होय, आणि त्याचे चरित्र आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. या गृहस्थाने १९४५ साली आर्कान्सा राज्यातील न्यूपोर्ट नावाच्या लहानशा गावी भाड्याच्या जागेत एक छोटे दुकान चालविण्यास घेतले. दुकान उत्तम चालले, इतके उत्तम की भाडेपट्ट्याची मुदत संपताच जागेच्या मालकाने तो वाढवून देण्याचे साफ नाकारले, आणि १९५० मध्ये वॉल्टनला आपले बिऱ्हाड उचलून बेंटनव्हिल येथे जावे लागले. पुढे जगातील हजारो लहान दुकानदारांच्या निद्रानाशाचे कारण ठरलेला हा मनुष्य स्वतः एक निर्वासित लहान दुकानदार होता. २ जुलै १९६२ रोजी रॉजर्स या गावी त्याने पहिले 'वॉलमार्ट' उघडले. मोठ्या शहरांकडे वळण्याऐवजी त्याने प्रतिस्पर्धी साखळ्यांनी तुच्छ लेखलेली पाच-दहा हजार वस्तीची गावे निवडली. मध्यभागी एक कोठार आणि त्यापासून दिवसभरात मालमोटार पोचेल अशा अंतरावर चोहोकडे दुकाने, अशी त्याची रचना होती. १९७० नंतर अशी कोठारे वाढत गेली, १९८७ मध्ये उपग्रहाद्वारे सर्व दुकाने मुख्यालयाशी जोडली गेली, आणि १९९० च्या सुमारास ही कंपनी अमेरिकेतील सर्वांत मोठी किरकोळ विक्रेती झाली.

आयोवाची साक्ष

वॉलमार्ट येऊन उभे राहिले, की गावाचे नेमके काय होते, याचा पद्धतशीर अभ्यास आयोवा राज्य विद्यापीठातील केनेथ स्टोन या अर्थशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून विक्रीकराच्या सरकारी आकड्यांच्या आधारे केला. त्याचे निष्कर्ष दोन्ही पक्षांना सारखेच अडचणीचे आहेत. ज्या गावी मोठे दुकान आले, त्या गावाची एकंदर विक्री घटली नाही, ती वाढली. कारण आसपासच्या वस्त्यांतील लोक तेथे येऊ लागले, आणि या वर्दळीचा लाभ खाणावळींना व लाकडी सामान विकणाऱ्यांना मिळाला. जे दुकानदार वॉलमार्टच्याच फळीवरचा माल विकत होते, ते मात्र खचले. आणि सर्वांत अधिक हानी झाली ती ज्या गावांत वॉलमार्ट आलेच नाही, अशा शेजारच्या लहान गावांची. त्या गावांची गिऱ्हाइके, त्यांच्याबरोबर त्यांचा पैसा, आणि त्या पैशाबरोबर गावाचा कर, हे सारे शेजारच्या गावी वाहून गेले.

या निष्कर्षातून आपण घ्यावयाचा धडा असा, की मोठे दुकान येण्याचा निर्णय एका नगरपरिषदेच्या हाती असला, तरी त्याचे परिणाम भोगणारी गावे अनेक असतात, आणि त्यांना त्या निर्णयात बोलण्याचा अधिकार नसतो. जिल्ह्याच्या ठिकाणी वातानुकूलित दुकान उघडले म्हणून तेथील नगराध्यक्ष फीत कापतात. तीस किलोमीटरवरच्या आठवडे बाजाराला जी ओहोटी लागते, तिचा पंचनामा कोणी करीत नाही.

स्वस्ताईचे तीन उगम

आता मूळ प्रश्नाकडे वळू. थोरले दुकान स्वस्त विकते ते कोणत्या बळावर? याचे उगम तीन आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यामुळेच हा वाद इतका गढूळ झाला आहे.

पहिला उगम खऱ्या कार्यक्षमतेचा. कोठार योग्य जागी, माल थेट कारखान्यातून, मोजदाद यंत्राने, नासाडी कमी, आणि भांडवल वर्षातून अनेकवार फिरविले जाते. ही बचत खरी आहे, ती समाजाची बचत आहे, आणि तिच्याविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपल्याकडील डी-मार्टचे यश पुष्कळ अंशी या सदरात पडते. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईत पहिले दुकान काढले, ते पुढे बहुधा स्वतःच्या मालकीच्या जागांत विस्तार करीत गेले, आणि माल पुरविणाऱ्याचे पैसे लौकर चुकते करून त्याबदली दरात सूट मिळवीत राहिले. बाजारात रोकड देणाऱ्याला भाव कमी पडतो, हे ज्ञान आपल्या प्रत्येक जुन्या वाण्याला होते. फरक इतकाच, की त्या ज्ञानाचा उपयोग करण्याइतकी रोकड त्याच्याजवळ नव्हती.

दुसरा उगम खरेदीतील वर्चस्वाचा. जो एकटा एखाद्या कारखान्याचा मोठा हिस्सा उचलतो, तो कारखानदाराला दर सांगतो. आणि त्याला दिलेल्या सवलतीची भरपाई कारखानदार लहान गिऱ्हाइकांकडून, म्हणजे वितरकामार्फत माल घेणाऱ्या किराणा दुकानदाराकडून करून घेतो. येथे कोणतीही बचत झालेली नसते. एकाचे ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर दिलेले असते. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातील वितरकांनी काही मालाची उचल थांबविण्याचा जो पवित्रा घेतला, त्याच्या मुळाशी हीच तक्रार होती: घाऊक विक्रीच्या बड्या कंपन्यांना माल ज्या दराने मिळतो, त्याहून चढ्या दराने तो पिढीजात वितरकाला मिळतो, आणि मग दुकानदार त्याच्याकडे पाठ फिरवितो.

या ठिकाणी आपल्या देशातील एका विशेषाचा उल्लेख केला पाहिजे. वेष्टनबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापण्याचा दंडक ग्राहकाच्या रक्षणासाठी झाला, आणि त्याने ते रक्षण केलेही. परंतु त्याचा एक अकल्पित परिणाम असा झाला, की छापील किमतीहून दोन रुपये कमी घेणारे मोठे दुकान उदार ठरले आणि छापील किंमत घेणारा, म्हणजे कायद्याने सर्वस्वी निर्दोष असलेला लहान दुकानदार लुटारू ठरला. छापील किमतीतून त्याच्या वाट्याला येणारा अंश मुळातच इतका तुटपुंजा, की सूट द्यावी तर दुकानाचे भाडे निघत नाही आणि न द्यावी तर गिऱ्हाईक निघून जाते.

तिसरा उगम खर्च दुसऱ्यावर ढकलण्याचा. गावाबाहेर स्वस्त जागा घेतली, की तेथवर जाण्यायेण्याचे पेट्रोल गिऱ्हाइकाचे. रस्त्यावर होणाऱ्या गर्दीचा बंदोबस्त नगरपालिकेचा. आणि कंत्राटदारामार्फत ठेवलेला नोकर आजारी पडला, तर त्याचा भार त्याच्या घरच्यांचा. हे आकडे दुकानाच्या पावतीवर दिसत नाहीत, म्हणून ते अस्तित्वात नाहीत, असे होत नाही.

पहिल्या उगमाचे स्वागत करावे, दुसऱ्याला कायद्याने आवर घालावा, आणि तिसऱ्याची वसुली कराच्या रूपाने करावी, असा स्थूल न्याय यातून निघतो.

दोन खोटी ठरलेली भाकिते

आपल्या देशात या वादाला उग्र रूप आले ते २०१२ मध्ये. घाऊक व्यापारात परदेशी कंपन्यांना त्याआधीच मुभा मिळाली होती. बंगळूरला जर्मनीच्या मेट्रो कंपनीने २००३ मध्येच आपले पहिले घाऊक दुकान उघडले होते. सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने विविध मालाच्या किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परकी भांडवलास परवानगी दिली. दहा लाखांवर वस्तीची शहरे, किमान दहा कोटी डॉलरांची गुंतवणूक, तीस टक्के खरेदी लहान उद्योगांकडून, आणि राज्याची संमती, अशा अटी घातल्या. २० सप्टेंबरला भारत बंद झाला. ५ डिसेंबरला लोकसभेत या धोरणाविरुद्धचा ठराव २५३ विरुद्ध २१८ मतांनी फेटाळला गेला. संमती देणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता.

त्या वेळी एक पक्ष सांगत होता, की दहा वर्षांत किराणा दुकान औषधालाही उरणार नाही. दुसरा सांगत होता, की शीतगृहांचे जाळे उभे राहील, शेतकऱ्याला दुप्पट भाव मिळेल आणि महागाई आटोक्यात येईल. दोन्ही भाकिते खोटी ठरली. त्या धोरणाखाली टाटांच्या ट्रेंटसह भागीदारी करणाऱ्या ब्रिटनच्या टेस्कोखेरीज नाव घेण्यासारखे कोणी आले नाही. ज्या वॉलमार्टच्या नावाने एवढे रण माजले, त्याने मे २०१८ मध्ये फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा सोळाशे कोटी डॉलरांना विकत घेण्याचा करार केला. पुढच्या दरवाजावर आपण पहारा बसविला आणि भांडवल आले ते आंतरजालाच्या मार्गाने. दरम्यान देशी साखळ्यांची प्रकृतीही काही वज्राची निघाली नाही. चेन्नईत जन्मलेली 'सुभिक्षा' सोळाशेच्या आसपास दुकाने काढून २००९ मध्ये कोसळली. २००१ साली सुरू झालेला 'बिग बाजार' कर्जाच्या ओझ्याखाली गेला आणि २०२२ मध्ये त्याच्या अनेक जागा रिलायन्सच्या ताब्यात गेल्या.

मग किराणा दुकानदार सुखरूप आहे काय? तसेही नाही. त्याच्या दुकानाला कुलूप लागले नाही. त्याच्या धंद्यावरची साय मात्र निघून गेली. पूर्वी एक तारखेला कुटुंबाची महिन्याची यादी त्याच्याकडे येई: इतके गहू, इतके तेल, इतकी साखर, साबणाच्या वड्या आणि वर्षाकाठी मसाल्याचे जिन्नस. या यादीवर त्याचे भांडवल फिरे. आज ती यादी मोठ्या दुकानाकडे जाते आणि याच्याकडे येते ते अडीनडीचे गिऱ्हाईक: पावशेर दही, एखादी काडेपेटी, पाहुणा आला म्हणून चहाची पुडी. आणि दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या नव्या कंपन्यांनी महानगरांत या अडीनडीच्या गिऱ्हाइकावरही आता हात घातला आहे.

या ऱ्हासात जे जाते, ते केवळ एका कुटुंबाचे उत्पन्न नसते. लहान उत्पादकाचा माल प्रथम ठेवून घेणारा मनुष्य बहुधा लहान दुकानदारच असतो. मार्च १९५९ मध्ये गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, तेव्हा त्यांची पहिली चार पाकिटे घेतली ती भुलेश्वरातील एका ओळखीच्या व्यापाऱ्याने. त्यातूनच पुढे 'लिज्जत' हे नाव देशभर झाले. त्या स्त्रियांना जर नोंदणीचा क्रमांक, रेखासंकेत, फळीवरील जागेचे शुल्क आणि साठ दिवसांची उधारी या अटी घातल्या गेल्या असत्या, तर ते पापड गच्चीवरच राहिले असते. आज गावोगावच्या बचत गटांच्या कुरडया, लोणची आणि मसाले जेथे विकावयास ठेवले जातात, ते स्थान म्हणजे कोपऱ्यावरचे दुकान. ते मिटले, तर उद्याच्या उद्योजकाची पहिली पायरीच मोडते.

धाकट्याची दुसरी बाजू

तथापि वकिली एकांगी होऊ नये. लहान दुकानाचे जे चित्र आपण आज स्मरणरंजनाने रंगवितो, त्यातून बऱ्याच गोष्टी पुसल्या जातात. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी रयतेने सावकार-दुकानदारांवर धाव घातली आणि त्यांच्याकडील कर्जरोखे जाळले. कारण वाणसामान देणारा आणि जमीन गहाण घेणारा मनुष्य एकच होता. उधारीची वही जशी अडल्या वेळी आधार देते, तशीच ती गिऱ्हाइकाला बांधूनही ठेवते. ज्याची बाकी थकली आहे, त्याला तांदळात खडे आहेत असे म्हणण्याचे धैर्य होत नाही.

याहून लाजिरवाणी गोष्ट जातीची. ज्या दलित गिऱ्हाइकाला कित्येक पिढ्या दुकानाच्या पायरीखाली उभे राहून पैसे दुरून टाकावे लागले आणि पुडी दुरून झेलावी लागली, त्याला कोणी नाव न विचारणारे, स्वतःच्या हाताने माल निवडू देणारे दुकान हे स्वातंत्र्यच वाटले, तर त्यात नवल ते काय? 'आपुलकीचा व्यवहार' हे आपण ज्याला म्हणतो, ती आपुलकी सर्वांच्या वाट्याला सारखी आलेली नव्हती. शिवाय लहान दुकानाच्या टिकाऊपणाचे एक गुपित असे, की घरच्या माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे आणि शाळकरी मुलांचे, श्रम त्यात बिनपगारी मोजले जातात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी नोकरांच्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले. त्यामुळे तेथील नोकराचे तास आणि रजा मालकाच्या मर्जीवर राहिल्या. लहान असणे हे काही पुण्य नव्हे.

कायद्याची मर्यादा

दुकानाचा आकार मोजून लहान दुकानदाराला कायद्याने तारण्याचे दोन मोठे प्रयोग पाहू. फ्रान्समध्ये १९७३ मध्ये मंत्री झाँ रॉयेर यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. मोठ्या वस्तीच्या गावांत पंधराशे आणि लहान गावांत हजार चौरस मीटरहून मोठे दुकान उघडण्यास स्थानिक लोकप्रतिनिधी, व्यापारी आणि ग्राहक यांच्या समितीची परवानगी सक्तीची झाली. जपाननेही त्याच वर्षी तशाच हेतूचा कायदा केला आणि पुढे तो अधिक कडक केला. परिणाम काय झाला? फ्रान्समध्ये परवानगी हीच एक विक्रेय वस्तू होऊन बसली, तिच्या देवघेवीचा गवगवा झाला, आणि ज्या साखळ्या आधीच आत होत्या त्यांना नव्या स्पर्धकापासून आयतेच संरक्षण मिळाले. जपानमध्ये अमेरिकेच्या दडपणाखाली कायदा सैल होत २००० मध्ये रद्द झाला, आणि आज तेथील कित्येक लहान शहरांतल्या बाजारपेठा फळ्या ओढून बंद पडलेल्या दिसतात. कायद्याने वेळ मिळवून दिला होता. त्या वेळात दुकानदारांनी स्वतःत पालट केला नाही.

अमेरिकेच्या १९३६ च्या कायद्याचा रोख निराळा होता, आणि माझ्या मते अधिक योग्य होता. दुकानाचा आकार त्याने मोजला नाही. एकाच मालासाठी मोठ्या आणि लहान खरेदीदारांना, खर्चातील वास्तविक फरकाचे कारण नसताना, निरनिराळे दर लावण्यास त्याने मनाई केली. म्हणजे मघाशी सांगितलेल्या तीन उगमांपैकी नेमक्या दुसऱ्यावर त्याने बोट ठेवले. हा कायदा पुढे शिथिलपणे वापरला गेला, हा त्याच्या तत्त्वाचा दोष नव्हे. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात वर्चस्वाच्या दुरुपयोगाला आणि प्रतिस्पर्ध्याला बुडविण्यासाठी तोटा सोसून विकण्याला बंदी आहे. परंतु ती लागू होण्यापूर्वी वर्चस्व सिद्ध करावे लागते, आणि कोल्हापूर किंवा लातूरचा दुकानदार दिल्लीस जाऊन ते सिद्ध करू शकत नाही. खरेदीदरातील पक्षपाताविरुद्ध जिल्ह्याच्या ठिकाणी दाद मागता येईल, अशी तरतूद झाल्यावाचून हा कायदा त्याच्या लेखी कागदीच राहील.

एकत्र खरेदी

उरला तो उपाय स्वतःचा. इंग्लंडमधील रॉचडेल येथे १८४४ मध्ये ग्राहकांनी आपले दुकान आपणच काढले, आणि महाराष्ट्राने ती परंपरा उत्तम रीतीने चालविली. नायगावच्या कामगारवस्तीत १९४८ साली 'अपना बाजार'चा उगम झाला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून महिन्याची खरेदी एकत्र करण्याची व्यवस्था बसविली. ग्राहकांनी एकत्र येण्याचे हे प्रयोग झाले. दुकानदारांनी एकत्र येण्याचा प्रयोग मात्र आपल्याकडे त्या तोलाचा झाला नाही.

जर्मनीत तो झाला. १८९८ साली बर्लिनच्या एका भागातील किराणा दुकानदारांनी एकत्र खरेदीसाठी सहकारी संस्था काढली. १९०७ मध्ये अशा संस्थांचा संघ झाला. आणि त्या संस्थेच्या आद्याक्षरांतून आजचे 'एडेका' हे नाव आले. खरेदी, कोठार, वाहतूक आणि हिशेबाची यंत्रे सर्वांची मिळून. दुकान, गल्ला आणि गिऱ्हाईक ज्याचे त्याचे. आज तीन हजारांहून अधिक स्वतंत्र दुकानदारांच्या पाठबळावर उभा असलेला हा संघ जर्मनीतील सर्वांत मोठा किराणा विक्रेता आहे. १९९७ मध्ये त्या देशात उतरलेल्या वॉलमार्टने २००६ मध्ये तेथून आपला गाशा गुंडाळला. त्या अपयशाची कारणे अनेक, आणि त्याचे सारे श्रेय एडेकाला देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु किरकोळ व्यापारात लहान माणूस नामशेष होणे ही विधिलिखित गोष्ट आहे, असे म्हणणाऱ्यांना एवढे एक उदाहरण पुरे आहे. अर्थात असा संघ मोठा झाला, की तोही बलदंडासारखा वागू लागतो; २०१८ मध्ये दरासाठी नेस्लेसारख्या कंपनीचा माल फळ्यांवरून उतरविण्यापर्यंत एडेकाची मजल गेली. सत्ता सहकाराच्या हाती आल्याने तिचा स्वभाव बदलत नाही. म्हणून मघाशी सांगितलेला कायदा संघालाही लागू असला पाहिजे.

धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास ज्या प्रांतात उभा राहिला, त्या प्रांतातील किराणा दुकानदार अद्याप एकेकटाच वितरकाच्या दारी का उभा आहे? यास कारणे आहेत. उसाच्या दोन शेतकऱ्यांत स्पर्धा नसते. एका गल्लीतील दोन दुकानदारांत ती असते, आणि शेजाऱ्याला आपला खरेदीदर कळू नये, याची प्रत्येकाला काळजी असते. आमच्या व्यापारी संघटना आजवर जातीच्या किंवा गावाच्या मंडळांच्या रूपाने वाढल्या. त्या जकातीविरुद्ध, स्थानिक संस्था कराविरुद्ध, परकी भांडवलाविरुद्ध बंद पुकारण्यात निष्णात झाल्या, पण एक गाडी साखर मिळून विकत घेण्याची वेळ आली, की त्यांची एकी संपली. तिसरे कारण उघड बोलले जात नाही: ज्याचा निम्मा व्यवहार वहीबाहेर होता, त्याला सहकारी संस्थेच्या लेखापरीक्षकासमोर वही उघडणे परवडत नव्हते.

हे तिसरे कारण आता बव्हंशी संपले आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि वेष्टनबंद मालाचा व्यवहार पावतीच्या कक्षेत येत गेला. जे लपविण्यासाठी एकटे राहणे भाग होते, ते लपविणे कठीण झाले. तेव्हा एकटे राहण्याचा फायदाही उरला नाही. दुसरीकडे त्याच दुकानदाराला आज बड्या कंपन्याच आमंत्रण देत आहेत: आमच्याकडून घाऊक माल घ्या, आमचे यंत्र गल्ल्यावर ठेवा, आमचे नाव पाटीवर लावा. या आमंत्रणात तात्कालिक लाभ आहे. पण खरेदी, हिशेब आणि गिऱ्हाइकाची माहिती या तिन्ही गोष्टी ज्याच्या हाती गेल्या, तोच त्या दुकानाचा खरा धनी होतो, आणि पाटीखाली बसलेला मनुष्य त्याचा गुमास्ता उरतो. दुकानदार एकत्र येणारच आहेत. दुसऱ्याच्या छत्राखाली यायचे की स्वतःच्या, एवढीच निवड त्यांच्यापुढे आहे.

म्हणून या सभेत जे व्यापारी बंधू-भगिनी बसले आहेत, त्यांना माझी विनंती आहे, की पुढच्या बंदची तारीख ठरविण्याआधी त्यांनी एका पेठेपुरती तरी खरेदी-संस्था नोंदवावी. साखर, तेल, डाळी आणि साबण एवढ्या चारच मालांपासून आरंभ करावा. नोकराला वेतनचिठ्ठी आणि गिऱ्हाइकाला पावती द्यावी. आणि दर महिन्याचा खरेदीदर सर्व सभासदांपुढे मांडावा. शासनाकडे मागणी करावयाची ती अनुदानाची नसावी, खरेदीदरातील पक्षपाताविरुद्ध जिल्ह्यात दाद मिळण्याची असावी. आणि ग्राहकांना एवढेच सांगावयाचे, की स्वस्त मिळेल तेथे अवश्य घ्यावे, परंतु ते कशामुळे स्वस्त आहे, हे विचारण्याचा आपला हक्क सोडू नये. एवढे झाले, तर महाराष्ट्रातील लहान दुकानदार कोणाच्याही दयेवाचून टिकेल. एवढेही न झाले, तर त्याच्या ऱ्हासाचा दोष बाहेरून आलेल्या भांडवलाइतकाच आपल्या प्रांताच्या व्यापारी समाजाला लागेल.